क्लच : मोटारीतला मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा

धर्माबादच्या मिरचीबाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर दोन गोष्टी तुमच्या पक्क्या लक्षात राहिल्या असतील. पहिली म्हणजे नाकातोंडात जाणारा ठसका आणि दुसरी म्हणजे कांडप गिरण्यांची घरघर. आता बहुतेक गिरण्या विजेच्या मोटरीवर चालतात. पण तेलाच्या इंजिनावर चालणारी जुन्या धाटणीची एखादी गिरणी आसपासच्या गावात अजून असेल, तर ती जरूर पाहून या. इंजिनापासून गिरणीपर्यंत एक लांबलचक सपाट पट्टा गेलेला असतो. गिरणीच्या बाजूला दोन पुल्या एकमेकींना अगदी लागून असतात. त्यांपैकी एक आसावर पक्की बसवलेली असते, दुसरी नुसतीच मोकळी फिरते. गिरणीवाल्याने दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की गिरणी थांबते. इंजिन मात्र आपले धडधडतच राहते. दळण आले की पट्टा हळूच पक्क्या पुलीवर आणायचा. नीट कान दिलात तर त्या क्षणी पट्टा थोडा घसरल्याचा आवाज ऐकू येतो आणि मग गिरणी वेग घेते.

मोटारीत हेच काम क्लच करतो. पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन हा तसा हट्टी प्राणी आहे. मिनिटाला काही शे फेरे झाल्याशिवाय ते चालूच राहत नाही. बैल जागेवरून गाडा ओढू शकतो, विजेची मोटरही ओढू शकते. इंजिनाला ते जमत नाही. म्हणून फिरते इंजिन आणि उभी चाके यांची गाठ एकदम न घालता आधी थोडे घसरू द्यावे, मग हळूहळू घट्ट धरावे, अशी सोय करावी लागते.

आजच्या बहुतेक गाड्यांतली सोय अशी : इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक असते. त्याला चिकटून एक पातळ चकती, म्हणजे क्लचप्लेट, असते. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेले असते. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते आणि स्प्रिंगांच्या जोरावर ती चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. चकती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. तुम्ही पायाने पेडल दाबले की प्रेशर प्लेट मागे सरते, चकती सुटी होते आणि इंजिन एकटेच फिरू लागते. म्हणजे पेडल दाबणे हे क्लच 'लावणे' नसून 'सोडणे' आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने उभा करू. समजा, धर्माबादच्या एखाद्या वाड्यात पत्र्याच्या शेडखाली आजोबांच्या वेळची एक विलिस जीप उभी आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत अशा जीपगाड्या लाखांनी बनल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी अनेक लष्करी मोडीतून आपल्याकडच्या लोकांनी विकत घेतल्या. पुढे १९४९ पासून मुंबईच्या माझगावात महिंद्र कंपनी विलिसच्या सुट्या भागांतून जीप जोडू लागली. तर आपली ही जीप सुरू होते, सपाटीवर चालतेही. पण मुखेडकडच्या चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरकत नाही, आणि जळका वास सुटतो. मिस्त्री खाली वाकून पाहतो आणि नातवाला म्हणतो, "भाऊ, क्लच गेला. जुना तसाच मिळायचा नाही. बाजारात याच्यापेक्षा भारी मिळतो, तोच टाकू. पुन्हा काम निघायचं नाही."

नातवाने काय करावे? भारी क्लच टाकावा का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात नववी-दहावीचे बरेचसे पदार्थविज्ञान दडलेले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आजोबांच्या लहानपणी धर्माबाद हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. त्या जातीच्या गाडीत सपाट चकती नव्हती. तिचा क्लच शंकूच्या आकाराचा असे : फ्लायव्हीलमध्ये शंकूसारखा खळगा आणि त्यात जाऊन बसणारा दुसरा शंकू. अशा क्लचवर त्या काळी चामड्याचे अस्तर लावत. बाटलीचा बूच थोडा दाबला तरी किती घट्ट बसतो ते आठवा. शंकूचा उतार १२ अंशांचा असेल, तर पाचर बसल्याप्रमाणे मूळ दाबाच्या जवळजवळ पाचपट दाब पृष्ठभागावर पडतो. त्यामुळे दुबळ्या स्प्रिंगवरही काम भागे. खोट एवढीच, की बूच जसा निघता निघत नाही तसा शंकूही कधी अडकून बसे, आणि चामडे वाळले की क्लच हिसका देऊन पकडे. त्यावर उपाय काय, तर एरंडेल! चामडे मऊ राहावे म्हणून शोफर मंडळी त्यावर एरंडेल चोळत. ते जास्त झाले आणि क्लच घसरू लागला, तर वर मुलतानी मातीसारखी बारीक शोषक माती भुरभुरत. मोटारीच्या दुरुस्तीला एका हातात एरंडेल आणि दुसऱ्या हातात मुलतानी माती, हे दृश्य आज आपल्याला आजीच्या बटव्यातले वाटेल.

चामडे गेले ते उष्णतेमुळे. घर्षणाने तापलेले चामडे करपते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास गाड्यांच्या ब्रेकसाठी राळेत भिजवलेल्या विणीव कापडाचे ठोकळे करायला सुरुवात केली. उतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकला लोकांनी जुने बूट ठोकलेले पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे १९०८ च्या सुमारास कापसाच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे आले. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही, स्वस्त आहे, धरतेही चांगले. मग पाऊणशे वर्षे जगातल्या बहुतेक ब्रेकांत आणि क्लचांत तेच राहिले. आपल्या जीपच्या जुन्या चकतीवरही तेच असण्याची दाट शक्यता आहे. त्याविषयी एक महत्त्वाची सूचना पुढे येईल, ती वगळू नका.

आता गणिताकडे वळू. क्लच किती 'पीळ' पेलतो, हे चार गोष्टींवर ठरते :

पीळ = घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या

एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलोग्रॅम वजन टांगले, तर दांड्याच्या मुळाशी एक किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. विलिस जीपच्या इंजिनाचा सर्वांत मोठा पीळ सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर आहे. चकतीची दोन अंगे, म्हणून पृष्ठभाग २. घर्षणांक ०.३ धरू. साधारण साडेआठ इंची चकतीची सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ मीटर. हे आकडे सूत्रात घालून पाहा. इंजिनाचा सगळा पीळ पेलायला सुमारे २७० किलोग्रॅमचा दाब लागतो. अभियंते नेमका तेवढाच ठेवत नाहीत. वर निम्मा सवाई म्हणून घालतात. म्हणजे स्प्रिंगांचा दाब ४०० किलोग्रॅम धरा. मग क्लच २१.६ किलोग्रॅम-मीटर पेलेल.

समजा, इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून चकतीवर आले आणि घर्षणांक ०.३ वरून ०.२ झाला. पुन्हा गुणाकार करा. उत्तर येते १४.४. इंजिनाचा पीळ १४.५! म्हणजे सपाटीवर काही कळणार नाही, पण चढावर पूर्ण जोर मागितला की क्लच घसरणार. आपल्या जीपचे दुखणे नेमके असेच असू शकते. तेव्हा भारी क्लचच्या आधी शंभर-दोनशे रुपयांचे सील बदलले आहे का, हे विचारावे. सील तसेच ठेवले तर नवी चकतीही त्याच तेलात भिजेल.

घर्षणांक घरी मोजता येतो. एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्यावर जुन्या चपलेचा चामड्याचा तुकडा ठेवा, वर थोडे वजन बांधा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागला की थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीखालचे जमिनीवरचे अंतर, हाच घर्षणांक. अंतर १०० सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर असेल तर तो ०.३. रबर, बुचाचे लाकूड, सुती कापड यांनी तोच प्रयोग करा. शेवटी चामड्याला एरंडेलाचे दोन थेंब लावून काय होते ते पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात गटागटाने करून घेतला, तर प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे का येते, यावरच एक तास रंगेल.

सूत्रातल्या चार संख्या म्हणजे चार किल्ल्याच आहेत. 'भारी क्लच' विकणारे यांपैकीच कुठली तरी किल्ली पिळत असतात.

सर्वांत सोपी किल्ली दाबाची : कडक स्प्रिंगा टाका. पण तो दाब पायाने उचलावा लागतो. पेडल जड होते, आणि बाजारात गर्दीतून गाडी काढताना डावा पाय भरून येतो. शिवाय पेडल दाबताना इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, पुढे जास्त रेटा बसतो. तो रेटा सोसणारे बेअरिंग ऐंशी वर्षांचे आहे, हे विसरून चालणार नाही. त्रिज्या वाढवायची तर मोठी चकती हवी. त्यासाठी फ्लायव्हीलला नवी भोके पाडावी लागतात, नाहीतर फ्लायव्हीलच बदलावे लागते. पृष्ठभाग वाढवायचे तर दोन चकत्या बसवाव्या लागतात, पण जुन्या जीपच्या घंटेसारख्या घरात तेवढी जागाच नसते.

राहिला घर्षणांक. चिनी मातीचे किंवा धातूच्या भुकटीचे चौकोनी ठोकळे लावलेल्या चकत्या बाजारात मिळतात. शर्यतीच्या गाड्या आणि जड ट्रॅक्टर यांना त्या ठीक. त्या उष्णतेला दाद देत नाहीत, पण त्यांचा स्वभाव तापट असतो. एकतर सुटलेल्या, नाहीतर घट्ट. मधला 'अर्धा क्लच' त्यांना ठाऊकच नाही. गाडी हरणासारखी उडी घेत सुटते. आठवडी बाजाराच्या दिवशी पायाशी माणसे असताना अशी उडी घेणारी गाडी मला तरी नको.

यापेक्षा शहाणपणाचा बदल म्हणजे डायफ्रॅम स्प्रिंग. जुन्या क्लचमध्ये गोल वेटोळ्यांच्या अनेक स्प्रिंगा असतात. त्यांच्या जागी पोलादाची एकच, थोडी फुगीर, फुलाच्या पाकळ्यांसारखी कापलेली तबकडी बसवतात. तिची गंमत अशी, की ती दाबताना सुरुवातीला जोर लागतो आणि मग कमी होतो. पत्र्याच्या डब्याचे फुगीर झाकण अंगठ्याने दाबले की 'टक्' करून बसते, तसेच काहीसे. त्यामुळे दाब पुरेसा असूनही पेडल हलके राहते. वेटोळ्याची स्प्रिंग चकती झिजू लागली की सैल पडते. डायफ्रॅमचा दाब मात्र झिजेबरोबर लगेच उतरत नाही. अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित साधे घ्यावे, आणि मध्यभागी धक्के शोषणाऱ्या लहान स्प्रिंगा असलेली चकती निवडावी. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पेडलचा रेटा पोहोचवायला कार्बनची कडी असते. कायम पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याची ती भराभर झिजते. तिच्या जागी बेअरिंग बसवणे हाही असाच चांगला बदल.

काहीही बदलले तरी फ्लायव्हील आणि कव्हर जोडून त्यांचा तोल तपासलाच पाहिजे. जीपचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाते. मध्यापासून १० सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त झाले, तरी त्या वेगाला ते सुमारे १८ किलोग्रॅमच्या जोराने बाहेर ओढते, आणि ओढीची दिशा सेकंदाला साठसत्तर वेळा फिरते. १० ग्रॅम म्हणजे एक बारीकसा बोल्ट!

आता मुख्य मुद्दा. मिस्त्री म्हणतो तसा सगळ्यांत जबरदस्त, ४० किलोग्रॅम-मीटर पेलणारा क्लच बसवला, तर बिघडले काय?

जीपचा पहिला गिअर इंजिनाचा पीळ २.६६५ पट करतो. दुसऱ्या पेटीतला 'लो' गिअर तो आणखी १.९७ पट करतो आणि आसावरचे दातेरी चाक ४.८८ पट. तिन्हींचा गुणाकार साडेपंचवीस पटीच्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाचे १४.५ चाकांपर्यंत पोहोचताना सुमारे ३७० किलोग्रॅम-मीटर होतात. गिअर, दांडे, आस हे सगळे भाग हा भार धरून, वर काही सवाई ठेवून, बनवलेले असतात.

पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाके रुतली आहेत आणि चालकाने रागाच्या भरात इंजिन जोरात फिरवून पेडलवरून पाय एकदम उचलला, तर काय होईल? आता नुसते इंजिन ओढत नाही. वेगाने फिरणाऱ्या जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाही एका झटक्यात बाहेर पडू पाहते. हा झटका किती मोठा असेल? क्लच जितका पेलेल तितका, त्याहून जास्त नाही. मूळ क्लच २१.६ च्या वर घसरतो, म्हणून पुढे फार तर ५५० जातात. ४० चा क्लच मात्र घसरत नाही आणि हजाराच्या वर पीळ पुढे लोटतो. तो पीळ कुठेतरी बाहेर पडणारच. कधी गिअरचा दाता उडतो, कधी आस कडकन मोडतो.

घरातल्या विजेच्या फ्यूजसारखेच हे आहे. सारखा फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील. फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर जळते. क्लच हा असाच मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. चकती झिजली तर बदलता येते; ऐंशी वर्षांपूर्वीचा आस मोडला तर तो शोधत हैदराबाद-मुंबई पालथी घालावी लागेल.

मग चांगला क्लच जळतो तरी का? बहुतेक वेळा चालवण्याच्या सवयीमुळे. हाही हिशेब करून पाहा. दीड टन वजनाची लादलेली जीप थांबलेल्या स्थितीतून ताशी १० किलोमीटरवर आणताना क्लचमध्ये सुमारे ५८०० ज्यूल उष्णता निर्माण होते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून १० किलोग्रॅम लोखंड धरले, तर ते जेमतेम सव्वा अंशाने तापते. पण चढावर रेल्वे फाटक लागले आणि चालकाने ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली, तर इंजिनाची जी शक्ती चाकांऐवजी घर्षणात जाते, ती ५ किलोवॅट धरा. एका मिनिटात ३ लाख ज्यूल! तेच लोखंड सरासरीने ६५ अंशांनी तापते. अस्तराच्या अगदी वरच्या थराचे तापमान तर याहून कितीतरी जास्त चढते, कारण उष्णता तिथेच जन्मते आणि आत पसरायला तिला वेळ लागतो. जळका वास येतो तो त्या थराचा. अशा चालकाच्या हाती कुठलाही क्लच दिला तरी तो जाळणारच.

आता मघाची सूचना. जुना क्लच उघडला की आत काळी-करडी भुकटी भरलेली असते. मिस्त्री सवयीने तोंडाने किंवा पंपाच्या हवेने ती उडवतात. तसे मुळीच करू देऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. ते फुप्फुसात रुततात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सरकारक आहेत, याविषयी शास्त्रज्ञांत आज दुमत नाही. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. गॅरेजमध्ये काम शिकणारा पोरगा तुमच्याच वयाचा असतो आणि भुकटी साफ करायचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येते. भुकटी पाण्याने भिजवावी, ओल्या फडक्याने टिपावी, आणि ते फडके पिशवीत बंद करावे. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मुखवटा हवा. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

आणखी एक बाजू आहे, ती कायद्याची. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, तिच्या सांगाड्यात, चासीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते आणि नंबराच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. ती प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला किंवा दुरुस्तीला न्यायची. चकती आणि कव्हर बदलल्याने गाडीचे मूळपण जात नाही, असे मला वाटते. ते झिजायचेच भाग आहेत. पण क्लच बसावा म्हणून घर कापले, इंजिन बदलून डिझेलचे टाकले, तर ती वेगळी गोष्ट झाली. आपल्याकडे पेट्रोलच्या कितीतरी जीपा अशाच डिझेलच्या झाल्या. शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती, पण त्या गाड्या आता मूळच्या राहिल्या नाहीत.

आपल्या नातवाचा निर्णय मी घ्यायचा झाला, तर असा घेईन : आधी तेलाचे सील. मग फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर हलकेच साफ. मूळ मापाचीच चकती, नवे अस्तर, आणि मूळ भोकांत बसणारे डायफ्रॅमचे कव्हर मिळाले तर ते, न मिळाले तर जुन्याच कव्हरला नव्या स्प्रिंगा. सगळे जोडून तोलाची तपासणी. आणि जुने कव्हर भंगारवाल्याला द्यायचे नाही. ते ओल्या फडक्याने पुसून, ग्रीस लावून, जाड पिशवीत बांधून, वर 'जीप, मूळ क्लच कव्हर' अशी चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवायचे.